सुतकातला इअरफोन

आधीच सांगून ठेवते, माझा भूत, आत्मा, अमावास्या असल्या कशावरही विश्वास नाही. कधी नव्हताच. माझी सगळी नोकरी टेलिफोनच्या ट्रंक एक्सचेंजमध्ये ऑपरेटर म्हणून गेली. दिवसभर कानाला हेडसेट, आणि ‘बोला, अमरावती लाइनवर आहे, बोला...’ आवाज तारेवरून येतो आणि तार तुटली की संपतो, एवढंच मला ठाऊक. इथे या साइटवर लोक पैंजणांचे आवाज ऐकल्याचं लिहितात, मी वाचते आणि पुढे जाते. बहुतेक वेळा उंदीर असतो हो.

पण परवा इथल्याच एका धाग्यावर ‘स्वस्तात चांगला इअरफोन कोणता’ अशी चर्चा रंगली होती. बेस कसा, बॅटरी किती टिकते... आणि मधेच एकाने लिहिलं — ‘गाण्याशी मला देणंघेणं नाही, बाहेरचा आवाज बंद झाला पाहिजे, बस.’ माझा चहा तसाच राहिला. अगदी हेच मी नागपूरला बर्डीच्या बाजारात एका दुकानात उभी राहून बोलले होते. सत्तरीच्या दशकाची शेवटची वर्षं असतील. तेव्हा इअरफोन एकाच कानाचा मिळायचा.

आम्ही हनुमाननगरात राहायचो. एका लाइनीत सारखी घरं, दोन घरांत मिळून एक भिंत, तीही इतकी पातळ की शेजारच्या मोहरील काकूंनी मिरचीची फोडणी दिली की ठसका आम्हाला लागायचा. बाबा शाळेत गणित शिकवायचे. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी सायकल भिंतीला लावली, ओट्यावर बसले आणि गेले. हार्ट. पाणी द्यायलाही वेळ मिळाला नाही.

मग माणसांची रीघ लागली. जो येईल त्याच्या तोंडी एकच — ‘सर म्हणजे देवमाणूस! कधी आवाज चढवला नाही कोणावर.’ नसेल चढवला. घरी आवाज चढवायची गरजच काय होती, हात होता ना त्यांना.

माझ्या आईचा डावा कान ठार बहिरा होता. मी दुसरीत असताना गेला. नातेवाइकांत सांगायचे, टायफॉइडनं गेला. मीही मैत्रिणींना तेच सांगत मोठी झाले. मॅट्रिकच्या वर्षी एकदा भाकर थापता थापता आई म्हणाली, “टायफॉइड नव्हता वं तो. तुह्या बाबाचा हात होता. मी तिथंच चक्कर येऊन पडली, उठली तं हा कान गेला होता.” आणि भाकर उलटली.

आई सावनेरकडची, मले-तुले बोलणारी. बाबा तिला चारचौघांत थांबवून दुरुस्त करायचे, ‘मले नाही, मला.’ ती हसायची. पुढच्याच वाक्यात पुन्हा मले. तेवढी एक गोष्ट तिनं त्यांची कधी ऐकली नाही.

तर आता तिनं कोपऱ्यात चटईवर बसायचं आणि येईल त्याचं ऐकून घ्यायचं. शेजारी आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, ठाण मांडून. कोणी उंबरठ्यात पाय ठेवला की तिचं सुरू — “माझ्या बाळनं कधी मुंगी नाही मारली हो!” मुंगी नाही मारली, हे मात्र खरं आहे.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी आईनं मला मोरीजवळ गाठलं.

“बेबी, मले हे ऐकणं होत नाही. तुह्या लहान्या रेडिओचं ते कानात घालाचं असते ना, ते दे मले.”

“सुतकात रेडिओ? आत्या घर डोक्यावर घेईल.”

“तिले काय दिसते? थंडीचे दिवस हायेत. वरून कापसाचा बोळा लावतो, शाल घेतो डोक्यावरून. गाणे लागो, बातम्या लागो, खताची माहिती लागो... फक्त हे देवमाणूस नको.”

माझ्या पॉकेट ट्रान्झिस्टरचा इअरफोन होता, पण तो म्हणजे कडक प्लास्टिकचं बटण. कानात सैल बसायचा, आजूबाजूचं सगळं ऐकू यायचं. तिला तो काय कामाचा! दुसऱ्या दिवशी ऑफिसात रजेचं सांगून येते म्हणाले आणि बर्डी गाठली. एका बोळीत रेडिओच्या सुट्या भागांचं दुकान होतं. मालकानं काचेवर तीन-चार मांडले.

“ये देखो मॅडम, जपानी. आवाज एकदम क्लिअर.”

“आवाज कसाही असू द्या भाऊ. बाहेरचं ऐकू येते का, ते सांगा.”

“बाहेर का? बाहेर का क्या सुनना है?”

“काहीच नाही ऐकायचं, तेच म्हणून राहिली. मी कानात घालते, दुसरा कान दाबून धरते. तुम्ही बोला.”

“क्या बोलू?”

“काहीही बोला ना!”

बिचाऱ्याला वाटलं असेल, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. मी एकेक घालून पाहत होते आणि तो दर वेळी ओरडत होता — “मॅडम, सुनाई दे रहा? मॅडम?” पहिल्यात स्वच्छ ऐकू आलं. जपानीत त्याहून स्वच्छ. मग एक मळकट पांढरा निघाला, टोकाला मऊ रबर असलेला. तो कानात बोट घातल्यासारखा गच्च बसला. मालकाचे नुसते ओठ हलत होते. सायकलरिक्षांच्या घंट्या, स्कूटर, बर्डीची सगळी बोंबाबोंब गायब! गाण्याच्या नावानं म्हणाल तर आनंद, कोणी डब्यात बसून गातंय असं वाटायचं.

“ये तो सबसे हलका माल है मॅडम,” तो म्हणाला.

“हाच द्या,” मी म्हटलं.

पहिले दोन दिवस आईनं सुख भोगलं, असंच मी म्हणेन. ट्रान्झिस्टर शालीखाली मांडीवर, इअरफोन उजव्या कानात, वरून कापूस. समोरचा माणूस सरांचे गुण गातोय आणि आई हळूहळू मान हलवतेय... तालावर! मला हसू आवरेना, आत जाऊन तोंडात पदर कोंबला. आत्या खूश. “सावरली हो वहिनी,” येणाऱ्याला सांगायची.

मग मोहरील काकू भेटायला आल्या. आईसमोर बसल्या, म्हणाल्या, “सरांसारखा शेजार मिळायला भाग्य लागते.” मी दारातच होते, मी स्वतः ऐकलं. आईचा चेहरा एकदम उतरला. काकू गेल्याबरोबर ती मला मागच्या अंगणात घेऊन गेली.

“मले या कानानं ऐकू येऊन राहिलं वं.” डाव्या कानावर हात.

मी काय करावं? ऑपरेटर ना मी. तिला इअरफोन लावून रेडिओ मोठा करायला सांगितला, मागे उभी राहिले आणि डाव्या कानाशी वाट्टेल ते आकडे बोलले, टाळ्या वाजवल्या, शेवटी थाळी बडवली. काही म्हणजे काही नाही. वळूनसुद्धा पाहिलं नाही.

“मग काय ऐकू येते तुला?”

“मोहरीलबाई. त्या म्हणे, ‘अहो, त्या पोरीचं रडणं ऐकवत नाही. आपला रेडिओ मोठा करा.’”

“अगं, त्या आत्ता शेजाराचं भाग्य सांगून राहिल्या होत्या!”

“ते नाही आलं मले ऐकू. हे आलं.”

मी म्हटलं, उपासतापास, जागरण, झालं असेल काहीतरी. रेडिओवर नाटक लागलं असेल. “नाटक कायचं,” ती म्हणाली, “उजव्या कानात गाणं सुरू होतं.”

दुसऱ्या दिवशी आत्या तिच्या पुढ्यात येऊन बसली. ती काय बोलत होती देव जाणे, पण आईनं रात्री मला जे सांगितलं ते असं — “तुही आत्या म्हणे, ‘तोंडावर पाणी मारा अन् सोडा. दवाखान्यात नेलं तं शाळेत बाळचं नाव खराब होईन. टायफॉइड झाला म्हणून सांगू.’” मग म्हणाली, “हे त्या दिवसाचं हाय बेबी. मी बेसुद पडली होती ना, तेव्हाचं. या कानाचं ऐकाचं राहून गेलं होतं ते.”

मी उखडले. “काढून फेक तो इअरफोन!”

“काढला का मंग देवमाणूस सुरू होते.”

“मग काय करणार आहेस?”

“कोणीतरी म्हणलं असंन ना वं? एवढी लाइन हाय. इले दवाखान्यात न्या, सरांना अडवा... एखादं तरी म्हणलं असंन. तेवढं ऐकलं का काढतो.”

त्यानंतर ती तेवढ्यासाठीच बसायला लागली. लाइनीतलं कोणी आलं की, “इथं बसा, माह्या समोर बसा.” लोक गहिवरायचे. वहिनीला माणसांचा आधार वाटतो म्हणायचे. आणि संध्याकाळी मी विचारलं की आई मान हलवायची. नाही. मग सांगायची, समोरच्या घरातले म्हणाले होते, घरची गोष्ट हाय, आपण काहून मधात पडाचं. कोपऱ्यावरच्या बाई म्हणाल्या होत्या, दार लावून घ्या, लेकरं घाबरतात. एक जण तर म्हणाला होता, मास्तर माणूस आहे, काही कारण असल्याशिवाय मारणार नाही. आईची वाट पाहणं मला बघवत नव्हतं. नवऱ्यानं मारलं ते तिनं गिळलं होतं, पण ही माणसं... सणावाराला हळदीकुंकवासाठी एकमेकींकडे जाणारी ही माणसं!

तरी माझा विश्वास बसत नव्हता, म्हणून मी नळावर मोहरील काकूंना गाठलं. कोणता दिवस, काय झालं, काही सांगितलं नाही. नुसतं विचारलं, “काकू, पोरीचं रडणं ऐकवत नाही, रेडिओ मोठा करा, असं तुम्ही काकांना म्हणाल्या होत्या का हो?”

काकूंच्या हातातली घागर सुटली.

“तुले कोणी सांगितलं?... मी तं फक्त ह्यांना म्हणाली होती. घरात आम्ही दोघंच होतो.” काकांना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मग काकू हळूच म्हणाल्या, “आम्ही काय करणार होतो बेबी? सरांना कोण बोलणार?”

कोणीही बोलायचं होतं, काकू. कोणीही! पण मी बोलले नाही, घागर उचलून त्यांच्या हातात दिली. त्या पुन्हा आमच्या घराची पायरी चढल्या नाहीत.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील की बेशुद्ध माणसाला ऐकू येतं, ते मनात कुठेतरी राहतं, नंतर वर येतं. असेल बाबा. पण भिंतीपलीकडे नवऱ्याच्या कानाशी बोललेलं? पुढे मी आईला धंतोलीत कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, नस गेली आहे, या कानाशी तोफ उडवली तरी यांना कळणार नाही. तो इअरफोन मी नंतर कितीतरी दिवस वापरला. गाण्यांशिवाय काही वाजलं नाही त्यात, आणि तीही फाटक्या आवाजात.

तेराव्याच्या आदल्या दिवशी दुपारी आई अंगणात उन्हाला बसली होती. आत्या आत तांदूळ निवडत होती. लाइनीतलं एकूण एक माणूस येऊन गेलं होतं.

“झालं आता,” मी म्हटलं. “कोणी नाही राहिलं. आण तो इकडे.”

“तू राहिली ना,” आई म्हणाली.

“मी दुसरीत होते आई. मला काही आठवत नाही.”

“बस समोर.”

बसले. तिनं इअरफोन घातला, शाल ओढून घेतली आणि माझ्याकडे पाहत राहिली. मी तोंड उघडलं नाही, शपथेवर सांगते. हळूहळू तिचे ओठ हलायला लागले, कोणाच्या तरी मागून म्हणावं तसे. बराच वेळ. मग तिनं कापूस काढला, इअरफोन काढला आणि मांडीवर ठेवला.

“तू म्हणत होती, ‘बाबा, मला येतो आता. म्हणून दाखवते. मग आईला उठवाल ना?’ अन् सतराचा पाढा म्हणून राहिली होती. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस... हुंदके देऊन देऊन. पुरा म्हटला. एका ठिकाणी चुकली नाही.”

“पाढा? पाढा काहून म्हणीन मी?”

आईनं इअरफोनची वायर बोटांभोवती गुंडाळली. मग म्हणाली, “त्या दिवशी तुले सतराचा पाढा आला नव्हता. त्यायनं तुह्यावर हात उगारला. मी मधात आली.”

हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. तिनंही नाही. त्या कानाचा विषय घरात निघाला की मी उठून जायचे, मला वाटायचं तो त्यांच्या दोघांतला विषय आहे. आईनं माझा हात हातात घेतला. “एवढ्या मोठ्या लाइनीत मले उठवा म्हणणारं एक जण होतं वं,” ती म्हणाली, आणि ढसाढसा रडायला लागली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा.

आवाज ऐकून आत्या सूप टाकून धावत आली. “रडू दे वं तिले, रडू दे! किती दिवस कोंडून ठेवलं बिचारीनं! होताच तसा माझा बाळ, देवमाणूस!” आणि तशीच बाहेर गेली, लाइनीत सांगायला.

त्या दिवसातलं मला आजही काही आठवत नाही. मी खरंच तो पाढा म्हटला होता का, आणि म्हटला असेन तर तो आईच्या मेलेल्या कानात इतक्या वर्षांनी कुठून आला, हा प्रश्न मला अजून पडतो. लाइनीतल्या लोकांना मात्र काहीच प्रश्न पडला नव्हता. दुसऱ्या दिवशी तेराव्याच्या पंगतीत मी वाढत होते आणि जो तो एकमेकाला सांगत होता, अखेर वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं हो, फार जीव होता त्यांचा सरांवर.