ताईच्या नंबरापुढचा पत्ता

पेणमध्ये एकाच नावाची माणसं इतकी, की फोनमध्ये नुसतं नाव ठेवून भागत नाही. नावापुढे गाव, काम, खूण सगळं लिहायची आम्हाला सवय. ताईचा नवा नंबरही मी तसाच ठेवला, 'ताई रोहा शिवणक्लास माडीवर'. नवऱ्याच्या माराला कंटाळून ताई नागोठण्याचं घर सोडून रोह्याला लपली होती. हे फक्त मला आणि क्लासच्या बाईंना ठाऊक, आणि तरी मी ही अक्कल पाजळली.

मी गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे रंगवते. हंगामात अनोळखी नंबरांवरून ऑर्डरी येतात, म्हणून कोण फोन करतंय ते दाखवणारं अ‍ॅप घेतलं. त्याने कॉन्टॅक्टची परवानगी मागितली. हाताला रंग, समोर मूर्तींची रांग, वाचतं कोण? करंगळीने 'हो' दाबलं नि कामाला लागले. माझ्या फोनमधली सगळी नावं त्याने उचलली, हे मागाहून कळलं.

पुढे ताईने घरी राहिलेल्या दाखल्यांसाठी एकदा जुन्या शेजारणीला फोन केला. तिच्याकडून तो नंबर भावोजींच्या हाती लागला. त्यांच्याकडेही तेच अ‍ॅप होतं. नंबर टाकला, आणि मी लिहिलेला पत्ता जसाच्या तसा समोर आला.

भर दुपारी ताईचा फोन आला. भावोजी क्लासचं दार बडवत होते. दाराशेजारच्या खिडकीच्या गजातून त्यांनी तिला फोनवरचं ते नाव दाखवलं होतं.

"तुझंच लिवनं हाय ना गो?" ती म्हणाली. मला 'नाय' म्हणता आलं नाही.

ब्रश टाकून मी धावले, मिळेल ती एसटी धरली. वाटेत ते अ‍ॅप काढून टाकलं. बैल गेला नि झोपा केला. नागोठण्यापर्यंत ताईचा फोन नुसता वाजत होता, पुढे तो बंदच झाला. तिला काही झालं तर मी कुठल्या तोंडाने जगू, एवढंच डोक्यात होतं.

पोचले तेव्हा बाईंनी बोलावलेले पोलीस भावोजींना घेऊन गेले होते. ताई मागच्या जिन्याने पिशवी घेऊन निघून गेली होती. ती धड आहे, असं बाई दारातूनच म्हणाल्या.

"कुठे गेली ते मला माहीत आहे. पण तुम्हाला सांगू नये, असं तिनेच सांगितलंय."

मी पायरीवर बसून रडले. मग डोळे पुसले आणि बाईंना म्हटलं, नका सांगू.