साडूंचा पर्मनंट ब्रेक

नोकरी गमावणं हीसुद्धा एक नोकरीच आहे, आणि ती आमच्या साडूंइतकी मन लावून दुसऱ्या कोणी केल्याचं माझ्या पाहण्यात नाही. बोईसरच्या ज्या औषधाच्या कंपनीत ते गोळ्यांच्या मशीनवर होते, तिथेच माझी मेहुणी पॅकिंगला होती. कंपनीने गेटला कायमचं कुलूप ठोकलं आणि दोघं एकाच दिवशी घरी बसली. म्हणजे बसले ते साडू. मेहुणी गेटवरच चारचौघांत ओक्साबोक्शी रडली, पदराने नाक पुसलं आणि दुसऱ्या दिवशी समुद्रकाठच्या मुरबे गावात आईकडे जाऊन सुक्या बोंबलांची पाटी घेऊन आली. साडूंनी टिपूस गाळलं नाही. "बाप्या माणूस रडत नाय," म्हणून त्यांनी नुसती दाढी वाढवली.

कोणी विचारलं तर सांगायचे, "नोकरी गेली नाय. ब्रेक दिलाय." टेम्पररी माणसाला कायम करावं लागू नये म्हणून कंपन्या त्याला मधेच घरी पाठवत, त्याला ब्रेक म्हणत. साडू पर्मनंट, आणि कंपनीच उरली नाही तिथे ब्रेक कसला? पण दुपारी कँटीनच्या वेळेला यांना ताट लागे. ज्या कँटीनच्या डाळीविरुद्ध युनियनच्या सभेत भाषण ठोकलं होतं, तिचेच गोडवे गात ते मेहुणीच्या कालवणाला नाक मुरडत. पाटीला हात लावतील तर शपथ. "मी ऑपरेटर हाय. बोटांना बोंबलाचा वास लागला तर मशीनला कोण उभा करील?" खायला काळ आणि भुईला भार, दुसरं काय.

शेवटी मेहुणीने माझ्यामागे लकडा लावला, म्हणून मी त्यांना मुरब्याच्या वाटेवरच्या बर्फाच्या कारखान्यात नेलं. मालक ओळखीचा. त्याने सरळ विचारलं, "काम पाहिजे ना?" नुसतं हो म्हणायचं होतं. साडूंनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मालक कंटाळून आत गेला.

एसटीच्या थांब्यावर मी त्यांना चांगलं फैलावर घेणार होतो. पण ते मटकन खाली बसले आणि हुंदके देऊ लागले. "हो म्हणलो असतो तर जुनी नोकरी खरीच गेली असती रे." मला एकदम त्यांची फार माया आली.

तेवढ्यात मुरब्याहून भरली पाटी घेऊन मेहुणी चालत थांब्यावर आली. तिने नवऱ्याकडे पाहिलं. कामाचं काय झालं, हे विचारलंच नाही. समोर गाडी येऊन उभी राहिली, तरी तिने पाटी उतरवली आणि त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली.

"रडा तुमी," ती म्हणाली. "दुसरी गाडी येईल."