वहीत लिहिलेला एक तास

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही — आणि मला ओळखणारे सांगतील, माझ्या पोटात गोष्ट टिकत नाही. पांढुर्ण्यात चार माणसं जमली की मी खुर्चीवर उभा राहून दिल्लीच्या प्रयोगशाळेतल्या साहेबांची नक्कल करतो. लोक डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसतात. ही गोष्ट मात्र... बघू, जमते का.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. त्या प्रयोगशाळेत आम्ही दोघं एकाच भागातले. मी पांढुर्ण्याच्या कापड दुकानदाराचा मुलगा. मिलिंद लोधीखेड्याचा, आईवडील संत्र्याच्या बागांत मजुरीला. त्यांच्या बौद्ध वस्तीतून एवढा शिकलेला तो पहिलाच. घर त्याच्या संशोधनाच्या शिष्यवृत्तीवर चालायचं. काम काय? तर आमच्याच संत्र्यांच्या पानांतला विषाणू शोधायचा.

मिलिंद पानांतून आरएनए काढायचा. भलता नाजूक माल — उघड्या बोटाचा स्पर्श झाला तरी सडतो. मग मी त्याची डीएनएत नक्कल उतरवायची. तिला सीडीएनए म्हणतात. त्यासाठी नळी बेचाळीस अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायची. मध्येच काढली तर नक्कल अर्धवट राहते, आणि अर्धवट नकलेच्या पीसीआरनं लाखो प्रती काढून हाती काय येणार?

"सांभाळून बे," नळी देताना मिलिंद म्हणाला, "चार दिवसांची मेहनत हाय."

आणि मी? मला गाडी पकडायची होती! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार — मधे जाम नदी, अलीकडे आम्ही, पलीकडे सावरगाव, आणि दोन्हीकडून दगड. ती मी चुकवणार? पंधराव्या मिनिटाला नळी काढली, फ्रीझरमध्ये टाकली. वहीत लिहिलं — एक तास.

परतल्यावर पीसीआर केला. तेव्हा आमच्याकडे यंत्र नव्हतं; तीन तापमानांच्या तीन पाण्यांतून नळ्या दिवसभर हातानं फिरवायच्या. डीएनए तपासायच्या जेलच्या थरावर ठळक पट्टा हवा होता. आला पुसट फराटा. साहेबांनी माझी वही पाहिली. सगळं बरोबर. मग ते मिलिंदकडे वळले.

"हाथ साफ रखने की आदत घर से आती है, भाई."

सगळे हसले. मी हसलो का? हसलो — सगळ्यांत मोठ्यानं. बाकीच्यांना त्यातलं किती कळलं, कोण जाणे. मला पुरतं कळलं होतं. आमच्या दुकानात बौद्ध बायांच्या हातात कापड देत नसत, फळीवर ठेवत. ते बघतच मी वाढलो होतो.

दोन दिवसांनी मिलिंद माझ्या खोलीवर आला. साबणानं घासघासून बोटांची सालं निघालेली. "माह्याच हातानं बिघडलं असन, बाप्पा."

"होत राहते बे," मी म्हणालो. चहा पाजला.

एवढंच असतं तर तुम्ही म्हणाला असता, घाबरला असेल पोरगा. थांबा. त्यानं काढलेला थोडा आरएनए उरला होता. एका रविवारी, प्रयोगशाळेत कुणी नसताना, मी तोच घेतला आणि पूर्ण तास दिला. पट्टा आला. असा सरळ, असा ठळक, की बघत राहावं! त्याच्या हातात काही खोट नव्हती. त्याची शिष्यवृत्ती चालू ठेवायची की नाही, याचा निर्णय व्हायला अजून आठ दिवस होते. एक वाक्य बोलायचं होतं — फक्त एक. मी, ज्याचं तोंड कधी बंद नसतं!

शिष्यवृत्ती बंद झाली. स्टेशनवर त्याची पेटी मीच उचलली. "तूच तेवढा आला बे," तो म्हणाला.

आता तो सौसरला शाळेत विज्ञान शिकवतो. प्रयोगाआधी पोरांना दोनदा हात धुवायला लावतो म्हणे.

त्या पट्ट्याचा फोटो माझ्या प्रबंधात आहे. खाली लिहिलंय — पानं लोधीखेड्याची; आरएनए काढणाऱ्याचं नाव, माझं.