टेम्पोचे हप्ते, मोऱ्याचा माणूस आणि मी

आमचा टेम्पो घेणाऱ्या माणसावर माझा पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता. एक तर फार गोड बोलायचा, आणि घासाघीस अजिबात केली नाही. घासाघीस न करणारं गिऱ्हाईक मला नेहमीच खटकतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही साताऱ्याकडचे. नवरा तुर्भ्याच्या बाजारात स्वतःचा टेम्पो चालवायचा. त्याची पाठ कामातून गेली, तेव्हा गाडी विकायची ठरली. घेणारा मोरा बंदराचा, तिथल्या धक्क्यावरची मासळी वाहायला त्याला गाडी हवी होती. थोडे रोख, बाकीचे दरमहा, आणि सगळे फिटल्यावर गाडी त्याच्या नावावर. कागदावर सही नवऱ्याची, पण बोलणी केली थोरल्या दिरांनी. तेही बाजारातच माथाडी होते. आमच्याकडे घरचा थोरला मधे बसल्याशिवाय म्हैससुद्धा विकत नाहीत.

या हप्त्यांवर आमची ऐरोलीची खोली टिकून होती. सरकारी सोडतीत नंबर लागला होता. टेम्पोचे पैसे आले की मी ते तसेच खोलीसाठी भरून यायची. भरणा थकला तर खोली जाणार, हे आम्हाला स्वच्छ सांगितलं होतं.

सुरुवातीला तो माणूस घरी येऊन पैसे देऊन गेला. मग यायचाच बंद झाला. नवरा म्हणाला, "धंदा मंद असंल. देईल की." मला दम निघेना. मोऱ्याला जाऊन आले. टेम्पोला नवा रंग, नवे टायर. तो लाँचने मुंबईला गेलाय, असं त्याची बायको म्हणाली. मला ते मुळीच पटलं नाही. मागच्या खोलीत लपून बसला असेल, अशी माझी खात्री होती.

गाडीची दुसरी चावी माझ्याकडे होती. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "अहो, उद्या जा आणि गाडी घेऊन या." तो जागचा हलेना, म्हणून मी त्याला वाशीच्या एका वकिलाकडे नेलं. फी टेबलावर ठेवल्यावरच वकिलाने पंखा लावला, तेव्हा मला त्याचाही संशय आला.

पण बोलला मुद्द्याचं. "चावी आहे म्हणून गाडी उचलू नका. ताबा त्याचा आहे, उलट तोच चोरीची तक्रार करेल. पोलीस म्हणतील, पैशाचा व्यवहार आहे, कोर्टात जा. आधी नोटीस पाठवू. नाही दिले तर वसुलीचा दावा लावू. आणि लक्षात ठेवा, गाडी अजून तुमच्या नावावर आहे. अपघात झाला तर भरपाईसाठी तुमच्यामागेही लागतील."

नोटीस गेली, तसा तो माणूस तडक घरी आला आणि दारातच उभा राहिला.

"वहिनी, कागद कशाला पाठवला? पैसं दर महिन्याला दिलं हाय. मोट्या भावाचे हातान, बाजारात."

मला राग आला, पण बरंही वाटलं. निदान पैसे कुठे मुरले ते कळलं. दिरांचा मला संशय कसा आला नाही, याचंच नवल वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वकिलाकडे.

वकील नवऱ्याकडे वळला. "भावाकडे पैसे द्या, असं तुम्ही सांगितलं होतं का? नसेल सांगितलं, तर ते पैसे तुम्हाला पोचले असं होत नाही. टेम्पोवाला अजून तुमचं देणं लागतो, भावाकडून काय घ्यायचं ते तो बघेल. सांगितलं असेल, तर त्याच्यावर दावा टिकणार नाही. मग भावावरच लावावा लागेल."

'नाही' म्हणायचं होतं, एवढंच. खोली वाचत होती.

"सांगितलं होतं," नवरा म्हणाला. "मीच."

"मग भावावर लावायचा?"

"न्हाई. दादावर न्हाई."

गाडी त्याची, सही त्याची. दावा त्यानेच लावायचा होता. माझ्या बोलण्याला तिथे काही किंमत नव्हती. जिन्यात मी त्याला नाही नाही ते बोलले. तो कठडा धरून एकेक पायरी उतरत राहिला.

खोली गेली. दिरांनी गावाकडे पत्र्याचं घर पाडून स्लॅबचं बांधलं.

नवऱ्याने खरंच तसं सांगितलं होतं, की वकिलासमोर भाऊ अडकतोय बघून त्या घडीला बोलला, ते मला आजही कळलेलं नाही. परवाच पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "सांगितलं होतं," आणि कूस बदलली. मी त्याच्या पाठीकडे बघत जागी राहिले.