शेजारचं माळवद

त्या फाल्गुनात गारा पडल्या तेव्हा घरात आम्ही दोघीच होतो, मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्ती म्हणायची. घरचे पुरुष सोलापुरात गिरणीवर, सुटीला तेवढे गावी यायचे. माझ्या लग्नाला अजून वर्ष झालं नव्हतं.

दुपारी आभाळ काळंनिळं झालं आणि बघता बघता सुपारीएवढ्या गारांनी अंगण भरून गेलं. थांबल्यावर दार उघडलं तर घोट्यापर्यंत पांढरंच पांढरं. कडब्याची गंज विस्कटलेली, दोन कोंबड्या मरून पडलेल्या, दारच्या लिंबाला पान उरलं नव्हतं. एका पाखराचा आवाज नाही. मी झाडू शोधायला लागले.

"अंगण ऱ्हाऊ दे," आत्ती म्हणाल्या. "आदी माळवद. ह्यो भार वितळून मातीत मुरला तर तुळया बसतील खाली."

शिडी लावून वर, मातीच्या सपाट छतावर गेलो. मी खोऱ्यानं गारा ओढायची, आत्ती पाटी भरून खाली टाकायच्या. पन्हळी तुंबल्या होत्या, त्या हातानंच मोकळ्या केल्या. बोटं बधिर झाली. आमचं माळवद साफ झालं तशी मी शिडीकडे वळले, तर आत्ती मधला कठडा ओलांडून शेजारच्या माळवदावर गेलेल्या.

ते घर बंद होतं. मानमोडीच्या तापाच्या साथीत तिथलं जोडपं गेलं, त्याला तेव्हा पंधराएक वर्षं झाली असतील. आत्ती आमच्या अंगणाबरोबर तेही अंगण रोज झाडायच्या. शेजारधर्म म्हणून झाडत असतील, असं मला वाटायचं.

"आत्ती, तितं कोण ऱ्हातंय? पडलं तर पडू दे की."

त्या गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी गारा लोटत राहिल्या. मग मीही गेले. त्या माळवदाच्या मधोमध उजेडासाठी ठेवलेलं सानं होतं, त्यावरची फरशी गारांच्या माराने फुटली होती. त्या भोकातून आवाज आला. टप्. थोड्या वेळानं पुन्हा टप्. बंद घरात, भांड्यात पाणी पडत होतं.

आत्तींचे हात थांबले.

"तुला ऐकू येतंय?"

"व्हय. गळतंय. खाली भांडं असंल."

"पानीच मागितलं व्हतं तिनं," त्या म्हणाल्या. "नवरा सकाळी तापानं गेला. ही भिंतीपल्याड एकटी पडून. दिसभर हाका मारीत व्हती, वैनी, घोटभर पानी द्या की. माझी पोरं ल्हान. मी दाराला आडसर लावला. सांजच्याला हाका थांबल्या."

आत्ती पालथ्या पडून त्या भोकातून आत बघत राहिल्या. बराच वेळ. काय दिसलं ते मी विचारलं नाही. मग उठून त्यांनी आमच्या घरची पाटाएवढी फरशी आणवली, सानं झाकलं, कडेनं चिखल लिंपला. दिवस मावळायच्या आत ते माळवदही मोकळं झालं आणि ते टिकलं.

गारांचं पाणी दोन दिवसांत आटलं असणार. मला मात्र ते उन्हाळाभर ऐकू येत राहिलं. त्या भिंतीला लागून असलेलं माझं अंथरूण मी दुसरीकडे हलवलं. भाकरी थापता थापता आत्तींचा हात थबकला की मला कळायचं, त्यांनाही येतंय.

दिवाळीनंतर त्या बाईचा भाऊ बार्शीहून घर विकायला आला. घर धड बघून तो आमच्या दारात आला.

"कुणी राखलं म्हनायचं?"

"आमच्या आत्तींनी."

त्याला त्यांच्या पाया पडायचं होतं. आत्ती परसात जाऊन उभ्या राहिल्या, काही केल्या पुढे येईनात. शेवटी त्यानं आणलेलं लुगडं माझ्या हातात दिलं आणि हळूच विचारलं, "आक्का शेवटाला काय बोलली का? शेजारच्यांस्नी ठावं असंल."

"मी तवा न्हवते, दादा," मी म्हणाले.

तो गेल्यावर मी परसात गेले.

"सांगितलंस?" आत्तींनी विचारलं.

"न्हाय."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी सांगायला हवं होतं की नको, ते त्यांच्या तोंडावरून मला कळलं नाही, आणि त्यांनीही पुन्हा कधी विषय काढला नाही.