व्होंद्रा जहाजावरचा फोटो

आमच्या प्रोसेक गावातून कुठल्याही दिशेची आगगाडी पकडा, समुद्र दिसायला दोन दिवस तरी लागतात. नेब्रास्काच्या पार पोटात आहोत आम्ही. पाणी म्हणाल तर गुरांचं टाकं आणि उन्हाळ्यात आटणारा ओढा. अशा गावातल्या एका पोराचं नाव नौदलाने युद्धनौकेला दिलं आणि त्याच्या आईला, अल्बिना व्होंद्राला, तेवीस वर्षांचं काम लावून दिलं. मी आयडा कॅलहन, इथली पोस्टमास्तरीण. या प्रकरणातलं प्रत्येक पत्र माझ्या हातून गेलं आहे. बंद पाकिटंसुद्धा अल्बिनाबाई माझ्याच खिडकीशी आणून फोडायच्या, कारण त्यांचं सगळं आयुष्य चेक भाषेत गेलेलं आणि नौदल खात्याचं इंग्रजी तर इंग्रजांनाही कळत नाही.

नवरा मळणीयंत्रात सापडून गेला तेव्हा त्यांचा लादिस्लाव्ह सहा वर्षांचा होता. तेव्हापासून बाईंनी मका, डुकरं आणि कोंबड्या एकटीने सांभाळल्या, आणि दर शनिवारी चर्चसाठी खसखशीचे कोलाचे, म्हणजे चेक पद्धतीचे गोड पाव, भाजले. पोराला सगळे लाडी म्हणत. मी त्याला पाहिलेला नाही. तो लढाईत पडला बेचाळीसच्या नोव्हेंबरात, आणि मी ओमाहाहून इथे बदलून आले त्रेचाळीसच्या जानेवारीत. पण ऐकून ऐकून तो मला पाठ झाला. कान बाहेर आलेले, उन्हाकडे बघताना एक डोळा मिटायची सवय, अकॉर्डियन वाजवायचा तेही चुकत. "ट्रॅक्टर सरळ रेषेत नेता येत नव्हता त्याला," बाई म्हणायच्या, "आणि यांनी विमान दिलं हातात."

ते विमान घेऊन तो प्रशांत महासागरात शत्रूच्या जहाजांवर एकटाच गेला. मागे फिरायचा हुकूम होता, हा फिरला नाही. घरीसुद्धा हाक मारल्यावर तो कधी फिरायचा नाही, पण त्याबद्दल प्रोसेकमध्ये कुणी पदक दिलं नव्हतं. नौदलाने पदक दिलं, आणि वर जहाजाला नाव.

जहाजावर ज्याचं नाव, त्याचा फोटो अधिकाऱ्यांच्या जेवणघरात लावायची पद्धत आहे. गणवेशातला चांगला फोटो पाठवा, असं खात्याचं पत्र आलं. बाई तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, पाणीसुद्धा कुणी पाजलं तर प्यायच्या. तेव्हा ग्रँड आयलंडच्या ज्या स्टुडिओत लाडीने युद्धावर जाण्याआधी फोटो काढला होता, तिथून तो मागवला गेला, आणि पोस्टाने पाठवला गेला.

त्रेचाळीसच्या शरदात टेक्सासच्या गोदीत जहाज पाण्यात सोडायचं ठरलं. रिवाजाप्रमाणे जहाजाच्या नाकावर आईने बाटली फोडायची. बाई उसना कोट आणि स्वतःचे बूट घालून निघाल्या, आठ दिवसांनी परत आल्या आणि घरी न जाता सरळ पोस्टात आल्या.

"समुद्र कसा आहे?" मी विचारलं.

"पाणी पुष्कळ आहे. शेतीच्या कामाचं नाही." मग त्यांनी हातातली पेटी खिडकीवर ठेवली. आत फुटलेल्या बाटलीची मान होती, रिबीन बांधलेली. "आयडा, तिथे फुलांच्या मधोमध त्यांनी फोटो ठेवला होता. तो माझा लाडी नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे दुसराच कुणाचा तरी पोरगा आहे. देखणा आहे. कान व्यवस्थित आहेत. मी तिथल्या कमांडरला सांगितलं, हा माझा मुलगा नव्हे. तर तो माझ्या खांद्यावर थोपटून म्हणतो, 'मॅडम, दुःखात असं होतं.'"

"मग?"

"मग मी बाटली फोडली."

गोदीतल्या लोकांनी इतक्या जोरात फोडलेली बाटली म्हणे पाहिली नव्हती. कमांडर कमरेपर्यंत भिजला. मला त्या दिवशी बाईंचा अभिमान वाटला आणि खात्याचा संताप आला. त्याच दिवशी मी पहिलं पत्र लिहून दिलं.

उत्तर यायला पाच महिने लागले, युद्ध चालू होतं ना. 'तपासणी केली असता सदर छायाचित्र आपल्या मुलाचेच असल्याचे आढळले.' बाईंनी पुन्हा लिहायला लावलं: त्याला जन्म मी दिला आहे, तपासणी माझी झालेली आहे. उत्तर आलं, दोन साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रं जोडा. आख्खं गाव साक्षीला उभं राहिलं, पाद्री, शाळामास्तर आणि ज्याची खिडकी लाडीने तीनदा फोडली होती तो वाणीसुद्धा. त्यावर उत्तर आलं, साक्षीदारांनी मूळ छायाचित्र पाहिलेले नसल्याने त्यांचे म्हणणे विचारात घेता येत नाही. तेव्हा बाईंनी त्यांच्याजवळचा एकुलता एक फोटो नकलून पाठवला, मक्याच्या गाडीवर बसलेला, एक डोळा मिटलेला लाडी. तो परत आला. गणवेश नसल्याने लावता येत नाही, वर टोपीही नाही. आणि शेवटी एक वाक्य होतं, जे पुढच्या प्रत्येक पत्रात येत राहिलं: 'छायाचित्राच्या मागे आपल्या मुलाचे नाव सुवाच्य अक्षरात लिहिलेले आहे.'

"आईपेक्षा फोटोची पाठ शहाणी," मी म्हणाले आणि मोठ्याने हसले. बाई हसल्या नाहीत. मीही जरा लवकरच थांबले.

आता जहाजाची कामगिरी. नाव मोठं आणि लक्षण खोटं, दुसरं काय सांगू. यूएसएस व्होंद्रा युद्धाला निघाली ती इंजिन बिघडून परत आली. दुसऱ्यांदा निघाली ती पनामापाशी दुसऱ्या जहाजाला घासली. अखेर ती प्रशांत महासागरात पोचली तेव्हा युद्ध संपून दहा दिवस झाले होते. वरातीमागून घोडं. तरीही तिने पाणबुडी समजून एका देवमाशावर बॉम्ब टाकले आणि नेम अचूक लागला. पुढे तिला दोर बांधून नेमबाजीची फळकुटं ओढायला लावलं. नंतर शनिवार-रविवारी राखीव दलातल्या हौशी कारकुनांना उलट्या करायला समुद्रावर नेण्याचं काम मिळालं. एकदा सिनेमात काम केलं, त्यात ती शत्रूचं जहाज झाली होती. हे सगळं आम्हाला कळायचं ते नाताळच्या कार्डांतून. जहाजावरची पोरं दरवर्षी बाईंना कार्ड पाठवायची आणि खाली लिहायची, 'लाडी आमच्यावर लक्ष ठेवून आहे.'

"कोण लक्ष ठेवून आहे देव जाणे," बाई म्हणायच्या. आणि कोलाचेंचा डबा बांधून माझ्यासमोर ठेवायच्या. "पोरांचा काय दोष." तिकडे पोचेपर्यंत त्यांच्या विटा होत असतील, पण डबा कधी चुकला नाही. आणि डब्याबरोबर खात्याला पत्रही चुकलं नाही. वर्षाला एक, माझ्या अक्षरात, खाली त्यांची सही. त्यांना पेन्शन वाढवून नको होती, पदक नको होतं. ज्या जहाजावर पोराचं नाव आहे त्यावर पोराचं तोंड असावं, एवढंच. "एकदा तो फोटो माझ्या हातात येऊ दे," त्या म्हणायच्या, "चुलीत घालते."

सहासष्ट साली जहाज म्हातारं झालं म्हणून खात्याने ते बुडवायचं ठरवलं. वैमानिकाच्या नावाचं जहाज, तेव्हा बुडवायला विमानंच पाठवली. पहिले तीन बॉम्ब चुकले. लाडीच्या हाती दिलं असतं तर एकातच काम झालं असतं, असं बाई म्हणाल्या, आणि तेवीस वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा डोळे पुसताना पाहिलं.

त्यानंतर महिन्याभराने दुपारच्या बसमधून एक लठ्ठ माणूस उतरला आणि काखेत कांबळ्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन माझ्या खिडकीशी आला. ड्युअर्ड टीग, आर्कान्सासचा, जहाजावरचा जुना आचारी. जहाजावरून उतरवलेलं सामान कुणाकुणाला देत होते तेव्हा त्याने फोटो मागून घेतला होता, आईच्या हातात स्वतः देतो म्हणून. मी पोस्टाला कुलूप लावलं आणि त्याला घेऊन बाईंच्या स्वयंपाकघरात गेले. चूल पेटलेली होती.

टीगने कांबळं सोडलं. चौकटीचा खालचा कोपरा घासून पांढरा पडला होता.

"बंदर सोडताना प्रत्येकजण इथे हात लावायचा, मॅडम," तो म्हणाला. "पंचेचाळीसच्या वादळात मी याच्या खाली बसून होतो. सबंध दिवस. जहाज आडवं पडत होतं, आणि मी याच्याशी बोलत होतो. माझ्या बायकोबद्दल, सगळं. आईला सांगणार नाही असलंही सांगितलं." तो ओशाळून हसला. मग त्याची नजर फडताळाशेजारच्या भिंतीवर गेली, मक्याच्या गाडीवरच्या, एक डोळा मिटलेल्या पोराकडे. "हा कोण?"

बाईंनी टीगने आणलेला फोटो टेबलावर पालथा घातला, सुरीने खिळे उपसले आणि मागचा पुठ्ठा काढला. त्यांना ती पाठ पाहायची होती, आईपेक्षा शहाणी. मीही वाकून पाहिलं.

'लादिस्लाव्ह व्होंद्रा, प्रोसेक, नेब्रास्का.' निळी शाई. प्रोसेकच्या प-ला तीच शेपटी, जी माझ्या हातून पोस्टाच्या प्रत्येक पावतीवर पडते.

फोटो पाठवला गेला, असं मी वर लिहिलं आहे. खात्याकडून हीच भाषा शिकले. पाठवला मी. ग्रँड आयलंडला तिकिटं आणायला गेले होते तेव्हा स्टुडिओच्या म्हाताऱ्याने खोक्यातून गणवेशातली पोरं काढली, हाच असेल म्हणाला, आणि मी, लाडीला कधी न पाहिलेल्या बाईने, हरवू नये म्हणून मागे टापटिपीने नाव घातलं. खात्याच्या डोळ्यातलं कुसळ मी तेवीस वर्षं काढत बसले. ते सुवाच्य अक्षराचं वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हाच मला कळायला हवं होतं. खरं सांगायचं तर तेव्हाच कळलं होतं. म्हणूनच मी इतक्या मोठ्याने हसले होते.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. तेवीस वर्षं त्यांनी ते अक्षर पाहिलं होतं, ओळखायला चष्मा लागला नाही. मग त्यांनी फोटो सुलटा केला आणि टीगकडे वळल्या.

"तो," त्यांनी फडताळाकडे मान हलवली, "याचा भाऊ."

"सारखे दिसत नाहीत फारसे."

"नाहीत. बस, कॉफी घे. कोलाचे ताजे आहेत, तुला कधी ताजे मिळालेच नसतील."

टीगने सात खाल्ले. संध्याकाळच्या बसने तो गेला. मी मात्र उठले नाही. न बोलता निघून जाण्याइतकी मी निगरगट्ट नव्हते.

"मिसेस व्होंद्रा, मी..."

"खिळा घे त्या डब्यातला." त्यांनी हातोडी माझ्या हातात दिली. "लाडीच्या शेजारी ठोक. जरा खाली, लाडी थोरला आहे."

मी ठोकला. दोन्ही फोटो लागल्यावर बाई बराच वेळ त्या देखण्या पोराकडे बघत राहिल्या.

"याची आई कुठेतरी असेल, आयडा. तिला ना जहाज मिळालं, ना फोटो. तिला शोध. पत्रं तू लिही. अक्षर सुवाच्य आहे तुझं."

बाई गेल्या त्याला चार वर्षं झाली. दोन्ही फोटो आता पोस्टात माझ्या खिडकीमागे आहेत. मी स्टुडिओला लिहिलं, तो बंद झाला आहे. वर्तमानपत्रांना लिहिलं. शेवटी खात्याला लिहिलं, सोबत फोटोची नक्कल जोडून: हा मुलगा कोण, कृपया कळवावे.

गेल्या मंगळवारी उत्तर आलं. तपासणी केली असता सदर छायाचित्र लादिस्लाव्ह व्होंद्रा यांचेच असल्याचे आढळले. मागे त्यांचे नाव सुवाच्य अक्षरात लिहिलेले आहे.