तळटीपा वाचणारी

चूक सापडली, सुधारली, टाळ्या पडल्या, की ती शोधली कोणी हे तुम्ही कधी विचारता का? नाही ना? मग माझ्या धाकट्या जावेबद्दल वाचा.

ती खगोलसंस्थेत तक्ते टंकते. एकोणीस वर्षं, जिन्याखालच्या खोलीत, एक हात मोडलेल्या खुर्चीवर. कुठला तारा मरताना किती कार्बन, किती सोडियम बाहेर टाकतो, याचे छापील आकडे ती संगणकात भरते. त्यांवरून साहेब लोक आकाशगंगेत कुठलं मूलद्रव्य कधी, किती साठत गेलं ते मांडतात. तक्त्याखालच्या तळटीपा भरायच्या नाहीत, संगणक अडखळतो, असा पहिल्याच दिवशी हुकूम. हिनं त्या वहीत उतरवून ठेवल्या. लिहिलेलं टाकून देणं तिच्या जिवावर येतं.

दोन वर्षं साहेबांच्या गणितात सोडियम उतू जात होतं. प्रत्यक्ष जुन्या ताऱ्यांत दिसतं त्याच्या दीडपट. दोष ताऱ्यांचा, असं सगळ्यांचं एकमत. शेवटी वही घेऊन ही मोठ्या साहेबांपुढे उभी राहिली.

"काय मावशी, आता तारेही कळायला लागले?"

"तारे नाही कळत साहेब, रकाने कळतात. या तक्त्याखाली लिहिलंय, ताऱ्यानं टाकलेलं सगळं धरलंय. त्या तक्त्याखाली, फक्त नव्यानं बनवलेलं. तुम्ही मात्र ताऱ्यानं जन्मताना आणलेलं सोडियम दोन्हींत वरून मिळवता. पहिल्या बादलीत आधीचं पाणी आहेच, तेच पुन्हा ओतताय."

साहेबांनी वही ओढून घेतली. आठवड्यात आलेख जुळला.

शोधनिबंधावर आता सात नावं आहेत. हिचं नाही. शेवटी 'तांत्रिक साहाय्याबद्दल आभार', कोणाचे ते गुलदस्त्यात. आणि त्याच महिन्यात हिच्या हातात चिठ्ठी: हे काम बुद्धीचं नाही, म्हणून पद बंद.

मी तडक साहेबांच्या खोलीत गेले. म्हणाले, "ताई, निबंधावर विचार करणाऱ्याचं नाव येतं."

"मग तुम्ही सात जण दोन वर्षं काय करत होता?"

त्यांनी शिपायाला बोलावलं.

घरी ही म्हणते, "सोडा हो जाऊबाई, लोक हसतील." का सोडू? नाव निबंधावर आलं, तर काम बिनबुद्धीचं म्हणायला यांची जीभ कशी रेटेल?

निबंध शुक्रवारी छपाईला जातोय. संस्थेच्या संचालकांना एकच ओळ लिहा: आठवं नाव घाला. खाली स्वतःची सही करा. आजच लिहा.